'ओ. के.' : दोन अक्षरांचे चरित्र

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह माझ्या घरी आले आणि त्यांनी मला विषय विचारला. मी म्हणालो, "ओ. के." त्यांना वाटले, मी निमंत्रण स्वीकारले. ते म्हणाले, "आभारी आहोत, पण विषय?" मी पुन्हा म्हणालो, "ओ. के." मग मात्र त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. वयाची ऐंशी जवळ आली की असे पाहणाऱ्यांची संख्या वाढतेच. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून उलगडा केला, की 'ओ. के.' हाच विषय आहे.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयात, ज्ञानेश्वरीच्या आणि तुकोबांच्या गाथेच्या सान्निध्यात, असल्या उडाणटप्पू शब्दावर तासभर बोलायचे म्हणजे औचित्यभंग आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही तो मोह आवरायला हवा होता. पण मी उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून हा शब्द लाल शाईने खोडण्यात त्यातील बराच काळ गेला. ज्याला मी इतकी वर्षे दाराबाहेर उभे केले, त्याचे कूळ काय, हे मी निवृत्तीनंतर शोधू लागलो. तो शोध अखेरीस मला एका ग्रंथालयाच्या दारात, आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीपाशी घेऊन आला. ती चूक शेवटी सांगेन. आधी सांगितली तर आपण बाकीचे ऐकणार नाही.

प्रथम अर्थ पाहू. कोशात हा शब्द उघडला तर विशेषण, क्रियाविशेषण, नाम, क्रियापद आणि उद्गारवाचक अव्यय अशी त्याची पाच रूपे मिळतात. इंग्रजी व्याकरणात इतक्या घरांतून मोकळेपणाने वावरणारा शब्द विरळा. साहेबांनी कागदावर 'ओके' दिला, की ते नाम. कागद 'ओके' केला, की क्रियापद. बाजारात पडलेल्या माणसाला वाकून विचारले, "ओके ना?" तर अर्थ होतो, लागले तर नाही? एखादा माणूस 'ओके' आहे, असे अमेरिकन बोलीत म्हटले, तर तो भरवशाचा आहे, आपल्यातला आहे. पण नाटक कसे झाले, या प्रश्नाला "ओके" असे उत्तर आले, तर त्या नाटककाराने गाव सोडावे. तेथे अर्थ होतो, बेताचेच. "ओके, ओके" असे दोनदा आणि घाईने म्हटले, तर 'आता पुरे' असा अर्थ निघतो. वर्गात शिक्षक प्रत्येक वाक्यामागे "ओके?" म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर नको असते, तो फक्त श्वास घेत असतो.

म्हणजे हा शब्द होकार देतो, पण गुण देत नाही. 'उत्तम' म्हटले की आपण मत दिले. 'ओके' म्हटले की केवळ वाट मोकळी केली. ॲलन मेटकाफ या अमेरिकन भाषाभ्यासकाने २०१० साली या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले, आणि या शब्दाची ताकद नेमकी या तटस्थपणात आहे, हे त्याने चांगले दाखवले आहे.

आपल्याला यात नवल वाटू नये, कारण आपल्या घरात असा शब्द पिढ्यान्पिढ्या नांदतो आहे. तो म्हणजे 'बरे'. "बरे आहे, येतो" हा निरोप. "बरे नाही" हे आजारपण. "बरा मुलगा आहे" हे स्थळ पाहून आल्यावरचे मत, आणि ते ऐकताच मुलीच्या आईचा चेहरा उतरतो. "बरं का" हे लक्ष वेधणे, "बरं, मग?" ही उत्सुकता, आणि दातओठ खाऊन म्हटलेले "बरं!" ही उघड धमकी. गोव्याकडे तर 'देव बरें करूं' म्हटले की आभार होतात. दुसरा शब्द 'चालेल'. पायाने चालण्याचे हे क्रियापद संमतीच्या कामाला कधी लागले? आमच्या बडोद्यात तर शेजारी गुजराती 'चालशे' म्हणतो आणि आपण 'चालेल' म्हणतो; कोणी कोणाचे घेतले? या प्रश्नाशी मी परत येणार आहे.

आता कूळ. 'ओ. के.' ही कशाची आद्याक्षरे, यावर दीडशे वर्षे जे वाद झाले, ते आपल्याकडील एखाद्या संतकवीच्या जन्मस्थळाच्या वादाला शोभतील. ग्रीकांनी सांगितले, हे आमचे 'ओला काला', सर्व ठीक. स्कॉटलंडच्या लोकांनी सांगितले, हे आमचे 'ओख आय्'. हैती बेटावरील ओ काय या बंदरातून उत्तम रम येत असे, त्या बंदराचे नाव खलाशांनी उत्तमतेला दिले, हे तिसरे मत. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेतून गुलामांबरोबर हा शब्द अमेरिकेत आला, हे चौथे. हे मत मांडणारे अभ्यासू लोक होते, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ओबडाया केली नावाचा रेल्वेचा कारकून मालाच्या पावत्यांवर आपली आद्याक्षरे घालीत असे, हे पाचवे. चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या भाषेत 'होय, असेच आहे' अशा अर्थाचा 'ओके'सारखा उच्चार आहे, हे सहावे. आणि ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना इतके पटले होते, की मंजुरीचा शेरा ते त्या जमातीच्या वळणाने, चार अक्षरी स्पेलिंग करून लिहीत. विल्सन हे पूर्वी विद्यापीठाचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांचे असेच असते. चुकायचे तर ते शुद्धलेखनाच्या आग्रहाने चुकतात.

यातली प्रत्येक कथा गोड आहे. पुरावा मात्र एकीलाही नाही. पुरावा काढला तो ॲलन वॉकर रीड या गृहस्थांनी. हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९०६ साली जन्मले आणि २००२ साली गेले. त्यांनी तर्क केला नाही, वाचन केले. ग्रंथालयांनी जपून ठेवलेल्या जुन्या वृत्तपत्रांच्या फायली त्यांनी पानापानाने पाहिल्या. अग्रलेख, जाहिराती, चुटके, निवडणुकीच्या शिव्या, सारे. १९४१ साली त्यांनी पहिला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात ते १८४० पर्यंत पोचले होते. कोणीही तेथे थांबला असता. नाव झाले होते. ते थांबले नाहीत. पुढे वीसेक वर्षांनी, १९६३-६४ मध्ये, 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहिली आणि आपलाच शोध एक वर्ष मागे नेला. एक वर्ष! आपण हसाल. पण साऱ्या प्रकरणाचा उलगडा त्या एका वर्षात होता.

झाले होते असे. १८३८ च्या सुमारास बोस्टन शहरातील वृत्तपत्रांत एक खूळ शिरले. नेहमीच्या शब्दसमूहांची आद्याक्षरे करून लिहायची, आणि तीही मुद्दाम अशुद्ध स्पेलिंगावरून. 'ऑल राइट' याची 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूस' याची 'के. वाय.'. अडाण्याने कानाला ऐकू येईल तसे लिहिले, तर कसे दिसेल, ही त्यातली गंमत. २३ मार्च १८३९ रोजी 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या पत्राचे संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी एका चुटक्यात, सहज, 'ओ. के.' ही अक्षरे छापली आणि शेजारी अर्थही दिला : सर्व बरोबर. 'ऑल'ला 'ए'च्या जागी 'ओ' आणि 'करेक्ट'ला 'सी'च्या जागी 'के'. ज्या दोन अक्षरांचा अर्थ 'सर्व बरोबर', त्यांतले एकही अक्षर बरोबर नाही! तो चुटकाही कशाबद्दल, तर जेवणाची घंटा वाजवण्यास बंदी करणाऱ्या नगरपालिकेच्या नियमाविरुद्ध निघालेल्या एका थट्टेखोर मंडळाबद्दल. त्या मंडळाचे नाव होते घंटावादन-विरोधी मंडळ, आणि ते घंटेच्या बाजूचे होते. एकूण गावातील रिकाम्या मंडळींचा उद्योग.

असे विनोद वर्षभरात मरतात. याचेही सोबती सगळे मेले. हा वाचला तो निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे राहिले. त्यांचे गाव न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक. अनुयायी त्यांना प्रेमाने 'ओल्ड किंडरहुक' म्हणत. त्याची आद्याक्षरे तीच. मग न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' निघाला, आणि किंडरहुकचे म्हातारबुवा म्हणजेच सर्व ठीक, असा दुहेरी नारा झाला. विरोधक गप्प कसे बसतील? व्हॅन ब्यूरन यांच्या कारकिर्दीत, १८३७ पासून, देशात मोठी मंदी होती. विरोधी पत्रांनी त्याच अक्षरांचा अर्थ लावला 'आउट ऑफ कॅश', तोही अर्थातच कॅशला 'के' घालून. शिवाय व्हॅन ब्यूरन यांचे पूर्वसूरी अँड्र्यू जॅक्सन हे बेताचेच शिकलेले. तेव्हा विरोधकांनी आवई उठवली की ही अक्षरे मूळची जॅक्सनसाहेबांचीच, त्यांनाच शुद्ध लिहिता येत नसे आणि सरकारी कागदांवर ते असा शेरा मारीत. निवडणूक व्हॅन ब्यूरन हरले. विल्यम हेन्री हॅरिसन जिंकले आणि अधिकारग्रहणानंतर एका महिन्यात वारले. टिकला तो शब्द.

जॅक्सनसाहेबांवरील आळ मात्र शब्दाइतकाच चिवट निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात टेनेसी राज्याच्या एका इतिहासकाराने १७९० सालच्या न्यायालयीन दप्तरातला दाखला काढला : वकील जॅक्सन यांनी हजर केलेल्या एका विक्रीखतावर 'ओ. के.' असा शेरा आहे. म्हणजे चुटक्याच्या एकोणपन्नास वर्षे आधी. बिनतोड पुरावा! पुढे कोणीतरी मूळ कागद नीट पाहिला. ते 'ओ. आर.' होते, 'नोंद करण्याचा हुकूम झाला' याचे संक्षेपरूप. 'आर'ची शेपटी 'के'सारखी वळली होती. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत, त्यांना यात काही वेगळे सांगायला नको. एका वेलांटीवर गावाची पाटिलकी फिरलेली आपण पाहिली आहे. आणि हे विक्रीखत कसले होते, तर एका निग्रो माणसाचे. शब्दाच्या वादात त्या माणसाकडे कोणी फारसे पाहिले नाही. माझेही लक्ष दुसऱ्या वाचनात गेले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. तारायंत्र आले. संदेश पोचला, हे कळवायला तारमास्तरांना दोन अक्षरांहून सोयीचे काय? तेथून रेल्वे, छापखाने, कचेऱ्या. १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड अंतराळात जाऊन आले, तेव्हा 'ए-ओके' हा त्याचा नवा अवतार वर्तमानपत्रांत गाजला. आज दूरध्वनीच्या पडद्यावर तो आक्रसून एकटा 'के' झाला आहे. मी माझ्या नातीला एकदा तसा निरोप पाठवला. तिने आईला विचारले, "आजोबा माझ्यावर रागावले आहेत का?" एकटा 'के' म्हणजे तुटकपणा, रुसवा, हे मला ठाऊक नव्हते; कोणत्याही छापील कोशाने मला ते सांगितले नव्हते.

येथे कोशांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. कोश बोलीच्या मागून चालतो, तसेच त्याने चालावे. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. पुरवणी लागली ती १९५० साली. भाषा पुरवणीची वाट पाहत नाही.

आपल्या देशात या शब्दाने जे संसार मांडले, त्यांवर स्वतंत्र व्याख्यान होईल. मालमोटारींच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' घ्या. त्यातला 'ओके' तेथे का? कोणी सांगतात, दुसऱ्या महायुद्धात डिझेलच्या टंचाईमुळे मोटारी रॉकेलवर चालत, 'ऑन केरोसीन' ही त्या धोक्याची सूचना. कोणी सांगतात, टाटांच्या 'ओके' साबणाची ती जाहिरात. अमेरिकेत दीडशे वर्षे जे झाले, तेच आपल्या महामार्गावर चालू आहे : कथा दोन, कागद एकही नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली व्यापारी वाहनांवर हे शब्द रंगवण्यास मनाई केली. आता ते रंग उडण्यापूर्वी कोणी त्यांची छायाचित्रे काढून, तारखा घालून ठेवली तर बरे. आणि २०२२ साली सांगोल्याच्या एका आमदारांचे दूरध्वनीवरचे संभाषण महाराष्ट्रभर गाजले, तेव्हा आपल्या ग्रामीण बोलीने या शब्दाला 'ओक्के' असे द्वित्त देऊन घरचाच करून टाकलेला सर्वांनी ऐकला. राजकारण बाजूला ठेवा. पण बोस्टनच्या चुटक्याने माणदेशी हेल धरला, हे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून फार आवडले.

आता ती चूक.

१९८४ च्या आसपासची गोष्ट असेल. मी एका संस्थेच्या वाचनालयाच्या उपसमितीवर होतो. आपल्या नव्हे, नाव सांगत नाही, आणि दोष संस्थेचा नव्हताही. जागा अपुरी होती. माळ्यावर जुन्या मराठी साप्ताहिकांचे आणि मासिकांचे बांधीव खंड पडले होते. पुठ्ठे सुटलेले, कसर लागलेली, वर्षानुवर्षे कोणी मागितले नव्हते. ग्रंथपालांनी काढून टाकण्याच्या खंडांची यादी केली. चांगली चार-पाच पानी यादी होती. ती माझ्यापुढे आली तेव्हा मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. मी पहिले पान वाचले, उरलेली उलटली, शेवटच्या पानाच्या समासात दोन अक्षरे लिहिली आणि खाली सही केली. ती अक्षरे कोणती, हे आपण ओळखलेच असेल. विद्यार्थ्यांच्या निबंधांतून मी ती खोडत होतो, आणि स्वतः तीच लिहीत होतो. आठवड्याच्या आत पस्तीवाल्याची लारी दारात आली. जागा मोकळी झाली, दोन नवी कपाटे बसली. सभेत माझे आभारही मानले गेले.

पुढे बरीच वर्षे मला त्याचे काही वाटले नाही. निवृत्तीनंतर रीड यांचे लेख वाचनात आले. बोस्टनच्या त्या वर्तमानपत्रांत तरी काय होते? घंटा, जेवणे, टवाळी. एखाद्या कर्त्या समितीसदस्याने ती यादी पाहिली असती, तर आज वुड्रो विल्सन बरोबर ठरले असते.

आणि काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. बडोद्याच्या मराठीवर प्रबंध लिहीत होती. या शहराने शब्दांची आबाळ केली, असे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे आणले. १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेकभाषी कोश, 'श्रीसयाजीशासनकल्पतरू', सिद्ध झाला. परंतु तो दरबाराच्या शब्दांचा कोश. दांडिया बाजारात, वाड्यांच्या चौकांत, गुजराती शेजाऱ्याशी बोलता बोलता मराठी कशी वळली, ते त्यात कुठून असणार? मुलीचा प्रश्न साधा होता. 'चालेल' हे क्रियापद येथल्या मराठीत होकारासाठी केव्हापासून आले? 'चालशे'वरून आले, की पुण्यामुंबईच्या बोलीतूनच आले? ती म्हणाली, "सर, बोलल्यासारखे लिहिलेले जुने काहीतरी हवे. वाचकांची पत्रे, प्रहसने, चुटके. अशी साप्ताहिके कुठे पाहायला मिळतील?"

मी तिला त्या संस्थेचे नाव सांगितले नाही. कुठे मिळतील ते सांगण्याऐवजी मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, "चालेल."

तिचा प्रबंध पुरा झाला. त्या शब्दावरील परिच्छेदात तिने लिहिले आहे, की पुराव्याअभावी निश्चित विधान करता येत नाही. प्रास्ताविकात माझे आभार मानले आहेत.

त्यानंतर मी ओळखीच्या घरांचे माळे धुंडाळू लागलो. फार मिळाले नाही. मुखपृष्ठे गेलेली, काहींना तारीखही नाही, असे जुन्या साप्ताहिकांचे आणि एका हौशी मंडळाच्या हस्तलिखित अंकांचे मिळून दोन गठ्ठे जमले. ते आज मी बरोबर आणले आहेत. व्यासपीठाच्या मागे, खुर्चीवर आहेत. त्यांत विनोद बरेच आहेत, आणि बहुतेक सुमार आहेत. एका अंकात, वाचकाच्या पत्रात, 'चालेल' आहे. त्या अंकाची तारीख मात्र वाळवीने खाल्ली आहे. पत्रात गावच्या पुराचा उल्लेख आहे, त्यावरून साल काढता येईल असे वाटते. विश्वामित्रीच्या पुरांची माहिती ज्या ज्येष्ठ सभासदांना आहे, त्यांनी सभेनंतर कृपया मला भेटावे. गठ्ठे मी ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे. दाखल करून घेताना नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे, ते त्यांनी सर्व पाने पाहून झाल्यावर ठरवावे.